भिंतीवरच्या पंधरा तासिका

पोरं एका सुरात वाचायला लागली की खैरुनबाई घाबरायच्या.

आमच्या शाळेत त्या सुराची केवढी शान होती! देगलूरहून बिलोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच शाळा. येणारा-जाणारा मोटारसायकल हळू करून ऐकायचा. हेडसर हात मागे बांधून व्हरांड्यात उभे राहायचे आणि मान डोलवायचे. मीही डोलवायचो, खोटं कशाला बोलू. अख्खा वर्ग एका दमात धडा म्हणतोय, एकही पोर अडखळत नाही, म्हटल्यावर मास्तर माणसाला आणखी काय हवं? बाई मात्र हातातला खडू खाली ठेवायच्या. खळ्यावर सोयाबीन पसरलेलं असताना माणूस आभाळाकडे बघतो तसं त्या वर्गाच्या दाराकडे बघत राहायच्या.

"काय झालं बाई?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"आवाज काढून राहिलेत सर. वाचून न्हाई राहिले."

मी हसलो. नुकताच बदली होऊन आलो होतो. मी लातूरचा, डाळमिलच्या भोंग्यावर उठणारा आणि क्लासच्या पाट्या वाचत मोठा झालेला. मला वाटलं, बाईंचा स्वभाव किरकिरा असावा. प्रत्येक शाळेत असा एक माणूस असतोच.

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पुढं त्याचं काय झालं ते कळेलच. हेडसरांनी पहिल्याच आठवड्यात माझं अक्षर हेरलं आणि वेळापत्रकाचं काम माझ्या गळ्यात घातलं. आमच्याकडे दोन वेळापत्रकं असत. एक भिंतीवर, निळ्या चौकटीत पांढऱ्या रंगानं लिहिलेलं. ते साहेब लोकांसाठी. दुसरं कागदावर, हेडसरांच्या टेबलाच्या काचेखाली. त्यावर शाळा चालायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मी याआधी नोकरी केलेल्या दोन्ही शाळांत हेच पाहिलं होतं. मी आलो तेव्हा मात्र पहिली-दुसरीच्या बाबतीत दोन्ही वेळापत्रकं सारखी होती: भाषेला आठवड्याच्या पंधरा तासिका. भिंतीवरही पंधरा आणि काचेखालीही पंधरा. ते खैरुनबाईंमुळे. काचेखालचा कागद बदलला की त्या दुसऱ्या दिवशी टेबलापाशी येऊन उभ्या राहायच्या आणि बोटानं चौकटी मोजायच्या. मोठ्यानं, एक-दोन-तीन करत. हेडसर वैतागून कागद पुन्हा पहिल्यासारखा करायचे.

बाई मूळच्या देगलूरच्या. वडिलांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. घरात दखनी, गल्लीत तेलुगू, बाजारात थोडी कानडी, आणि शाळा मराठी. सुती साडी, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला आणि मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ, इतकं सैल की हात खाली केला की पंजापर्यंत यायचं. भाषेच्या तासाला त्या ते काढून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या आणि झाकण लावायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या मनगटावर दिसलं की पोरं घाई करतेत. घाई कुणाला हाय? त्यांना, का मला?"

पिशवीत उकडलेल्या शेंगा असायच्या. पूर्ण वाक्यात मागेल त्यालाच मिळायच्या. हा नियम पोरांना होता तसाच हेडसरांनाही होता.

"बाई, शेंगा," हेडसर हात पुढं करायचे.

"शेंगांचं काय, सर?"

"द्या की."

"कुणाला?"

शेवटी तो सेवानिवृत्तीला आलेला माणूस ओशाळून म्हणायचा, "बाई, मला थोड्या शेंगा द्या." मग बाई ओंजळभर द्यायच्या, आणि वरून एखादी शेंग जास्तीची.

आणखी एक. "समजलं का?" असं बाईंनी कधी वर्गात विचारल्याचं मी ऐकलं नाही. आम्ही सगळे विचारायचो, पोरं "होऽऽ" म्हणायची, आणि आम्ही पान उलटायचो. बाई विचारायच्या, "काय समजलं?" मग वर्ग गप्प व्हायचा. ती शांतता लांबत जायची. मला शेजारच्या वर्गात बसून ती सहन व्हायची नाही. बाई खुर्चीत बसून वाट बघायच्या. कुणीतरी एक पोर शेवटी काहीतरी पुटपुटायचं, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, आणि तिथून तास सुरू व्हायचा.

त्या घड्याळाच्या डब्यात चिठ्ठ्या असत, वहीच्या पाठकोऱ्या कागदाच्या, शेकड्यांनी. आठवड्यातल्या तीन तासिका बाई तोंडातून शब्द काढत नसत. प्रत्येक पोराला एक चिठ्ठी. "खिडकीतून बघ. जे दिसेल त्यातली एक गोष्ट माझ्या कानात सांग." "तुझ्या चपला गंगामणीच्या चपलांशेजारी ठेव." "काही करू नकोस. जागेवरच बस." ही शेवटची सगळ्यात अवघड, कारण शेजारची पोरं उठलेली बघून याचेही पाय वळवळायचे. कुणी चिठ्ठी घेऊन नुसतं मोठ्यानं वाचायला लागलं की बाई तोंडावर बोट ठेवायच्या, चिठ्ठीकडे दाखवायच्या आणि तासात एकदाच, हळूच म्हणायच्या, "वाचलंस ना? मग कर."

मी एकदा डबा खाताना म्हणालो, "बाई, एवढा वेळ घालवायचा कशाला? चार धडे होतील तेवढ्यात."

भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून त्यांनी जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. पहिलीत असताना त्यांना सगळं पुस्तक पाठ होतं. गुरुजींनी त्यांना टेबलावर उभं करून गावच्या पुढाऱ्यापुढे म्हणायला लावलं, पेन बक्षीस दिलं. "दोन वर्षं मी पुस्तकाचा आवाज काढत होते सर. पुस्तक काही सांगतंय, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, नमाजच्या आयती जशा तोंडपाठ करतो तसंच हे, म्हणायचं असतंय. तिसरीत एक दिवस धड्यातली बाई रडली आणि मला कळलं की ती रडून राहिली. मी घाबरून पुस्तक फेकून दिलं. लई भ्याले. इतके दिवस ती माझ्यासमोर रडत होती आणि मी आवाज काढत होते."

मग त्यांनी तुकडा खाल्ला आणि विषय संपला.

त्याच वर्षी मोठे साहेब आले. हेडसरांनी पहिल्यांदा चौथीचा वर्ग दाखवला, सूर लागला, साहेब खूश झाले. मग पहिली-दुसरी. तिथं चिठ्ठ्यांचा तास चालू होता. पोरं इकडून तिकडे चालतायत, कुणी खिडकीत, कुणी चपलांशी, आणि आवाज अजिबात नाही. "हा वर्ग मुका आहे काय?" साहेबांनी विचारलं. हेडसरांचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "साहेब, एक चिठ्ठी चौथीच्या पोराला देऊ?" आणि चौथीच्या मॉनिटरला बोलावून घेऊन त्यांनी डब्यातली एक चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

त्यानं ती उंच धरली आणि खणखणीत आवाजात वाचली: "उठ. दार लाव. परत जागेवर येऊन बस." पूर्णविरामाचीसुद्धा चूक नाही. वाचून झाल्यावर चिठ्ठीची नीट घडी घातली आणि साहेबांकडे बघत उभा राहिला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी वाजवल्या, सगळ्या वर्गानं वाजवल्या.

दार उघडंच होतं. वाऱ्यानं ते हळूहळू हलत होतं आणि बिजागरी कुरकुरत होती. बाई एकट्या दाराकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेमागं पहिल्यांदा माझीही नजर गेली. पण टाळ्या मीही वाजवत होतो.

पुढच्या वर्षी लातूरचं वारं आलं. शाळा समितीचे अध्यक्ष माधवराव, त्यांचा पुतण्या लातुरात क्लासला होता. दिवाळीत तो आला आणि गावात एकच चर्चा: तिकडं पोरं पहिलीपासून सराव करतात, प्रश्न, चार पर्याय, टिक. कुठल्याशा क्लासचा एक माणूस सरावसंचाचे गठ्ठे घेऊन गावात येऊन गेला. समितीची बैठक लागली. विषय एकच: पहिली-दुसरीच्या भाषेच्या पंधरा तासिकांतल्या सहा काढून सरावाला द्यायच्या.

"बाई, रागावू नका," माधवराव म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, शाळेच्या कामाला कधीही धावून येणारे. "पण पोरं मराठी बोलतेतच की. त्याला आठवड्याला पंधरा तास कशाला? जे येतंय तेच शिकवायचं?"

"कोणत्या घरात बोलतेत, अध्यक्षसाहेब?" बाई उभ्या राहिल्या. "तुमच्या गल्लीतली निम्मी घरं तेलुगूत भांडतेत. तांड्यावर लमाणी. माझ्या घरी दखनी. पोरगं मराठीत पहिल्यांदा येतंय ते शाळेच्या दारात. ते दार तुम्ही छोटं करून राहिलेत."

"पर गणित वाढंल की बाई!"

"गणिताचा सवाल कशात छापलाय? सवालच कळला न्हाई तर पोरगं टिक कशावर मारंल? अंदाजावर?"

कुणीतरी मागून म्हणालं, "अंदाजावर मारून बी लागतेत नंबर." सगळे हसले. त्या हसण्यातच ठराव झाला.

बाई खाली बसल्या. मग परत उठल्या. "ठीक. सहा घ्या. पर भिंतीवर बी नऊच लिवा. जे चालतंय ते लिवा."

"भिंतीला हात लावायचा नाही," हेडसर घाईनं म्हणाले. "वरून पंधरा सांगितल्यात. उद्या कुणी तपासायला आलं तर? बिरादार सर, तुम्ही फक्त काचेखालचा कागद बदला."

बिरादार म्हणजे मी. मी त्याच दुपारी पट्टी लावून नवा कागद आखला. सुरेख झाला होता. बाई आल्या, बोट फिरवत मोजलं, नऊवर बोट थांबलं. मला म्हणाल्या, "सर, तुमचं अक्षर लई चांगलंय. तुम्ही लिवलं की खरं वाटतंय." मला ते कौतुक वाटलं, इतका मी ठोंब्या.

बाईंनी हार मानली नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे त्या वर्षी त्या थकायला लागल्या. शाळा भरायच्या आधी अर्धा तास येऊन त्या पोरांना बाहेरच्या ओट्यावर चिठ्ठ्या द्यायच्या. हेडसरांनी ते बंद केलं. वेळेआधी पोरांना काही झालं तर जबाबदार कोण? मग त्यांनी चिठ्ठ्या घरी द्यायला सुरुवात केली, तर सरावाच्या वह्या भरायच्या असल्यानं पालकच त्या परत पाठवायला लागले. सरावाच्या तासांत आम्ही एक पद्धत बसवली होती. फळ्यावर जे लिहिलं असेल ते आल्या आल्या तीनदा मोठ्यानं एका सुरात म्हणायचं आणि बसायचं. शिस्त लागते, वेळ वाचतो. ही पद्धत माझी होती, हेही सांगून टाकतो.

डिसेंबरात एक गंमत झाली. तेव्हा सगळ्यांना ती गंमतच वाटली. मी सरावाच्या तासाला फळ्यावर लिहिलं: "उद्या शाळेला सुट्टी आहे." पहिली-दुसरीनं तीनदा सुरात म्हटलं, इतकं छान की रस्त्यावरचा चहावाला हसला. दुसऱ्या दिवशी हेडसर काही कागद घ्यायला आले तर कुलूपबंद शाळेपुढं अख्खी पहिली-दुसरी दप्तरं घेऊन बसलेली. हेडसर आठवडाभर तो किस्सा सांगत होते. "बघा, शाळेची काय गोडी लावलीय!"

बाई हसल्या नाहीत. शाळा पुन्हा भरली त्या दिवशी त्यांनी शेंगाही आणल्या नव्हत्या. मला एकटं गाठून म्हणाल्या, "या वेळी सुट्टी होती सर. उद्या काय लिवलेलं असंल?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता."

मार्चमधल्या त्या दिवशी बाईंना बिलोलीला प्रशिक्षण होतं. वाचन सुधारण्याचं. ग्रामपंचायतीचा माणूस सकाळी येऊन शाळेची पाण्याची टाकी धुऊन गेला आणि जाताना म्हणाला, "सर, पावडर जरा ज्यादा पडली. आज पोरांना नळाचं पाणी पिऊ देऊ नका, हापशाचं द्या. उद्या टाकी रिकामी करून घेतो." नळाची चावी झिजलेली होती, नळ बंद होत नव्हता. मी फाटकाजवळचा फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: "टाकीत औषध घातले आहे. आज नळाचे पाणी पिऊ नका." खाली दोन रेघा मारल्या. त्याच वेळी हेडसरांच्या फोनवर वरिष्ठांची ऑनलाईन बैठक सुरू झाली आणि आम्ही दोघं कार्यालयात, खिडकीशी, जिथं रेंज येते तिथं जाऊन बसलो. वर्ग मॉनिटरवर सोपवले.

मधल्या सुट्टीत खिचडी झाली. फळ्यापाशी पोरं जमली आणि आम्ही सूर ऐकला. "टाकीत औषध घातले आहे, आज नळाचे पाणी पिऊ नका." एकदा, दोनदा, तीनदा. पहिलीतली रेणुका सगळ्यात वरच्या पट्टीत. हेडसरांनी फोन जरा बाजूला धरला, पलीकडच्या साहेबांना ऐकू जावं म्हणून. मी समाधानानं मान डोलवली. सूचना पोहोचली होती.

तिसऱ्यांदा म्हणून झालं, आणि पोरं नळाला रांग लावून उभी राहिली.

बाई प्रशिक्षण लवकर सुटलं म्हणून ऑटोनं आल्या. तो सूर त्यांनी रस्त्यावरूनच ऐकला, हे ऑटोवाल्यानं मला नंतर सांगितलं. "बाईचं तोंड पांढरं पडलं सर, चालत्या ऑटोतनं उतराया लागली." फाटकातून आत येताना त्यांनी फळा वाचला, रांग बघितली, आणि पिशवी फेकून त्या धावल्या. त्यांना असं ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. चिठ्ठ्यांच्या तासात तोंडावर बोट ठेवणाऱ्या बाई, आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं "थुका! थुका रे!"

थोरल्यांनी वास आला म्हणून घोट थुंकला होता. बारक्यांनी नाक मुरडत गिळला होता, कारण रांगेत मागचा ढकलत होता. तासाभरात व्हरांड्यात ओकाऱ्या सुरू झाल्या. माधवरावांनी आपली जीप आणली, सीटखाली पोतं टाकलं आणि पोरं भरली. सगळी तालुक्याच्या दवाखान्यात. रेणुकाला संध्याकाळी नांदेडला हलवलं.

रेणुकाची थोरली बहीण गंगामणी तिसरीत होती. पंधरा तासिका असतानाची, चिठ्ठ्यांवर वाढलेली. ती नळाला गेलीच नव्हती, हापशावर पाणी पिऊन वर्गात बसली होती. रेणुकाला हलवायच्या आधी दवाखान्याच्या बाकावर बाईंनी गंगामणीला जवळ घेतलं. "तू न्हाई पिली बेटा?"

"लिवलं होतं की, पिऊ नका म्हणून."

"मग रेणुकाला का न्हाई सांगितलंस?"

पोरीनं बाईंकडे बघितलं, तिला प्रश्नच कळला नव्हता. "तिनंबी वाचलं की बाई. माझ्याबरोबरच वाचलं."

बाईंनी तिच्या डोक्यावरचा हात तसाच ठेवला. पलीकडे रेणुका आईला "नीळ्ळू, नीळ्ळू" म्हणत पाणी मागत होती आणि आई डॉक्टरांकडे बघत होती, देऊ का नको. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या बोटांना अजून खडू लागलेला होता.

रेणुका वाचली. आठ दिवसांनी घरी आली. सगळीच पोरं बरी झाली, देवाची कृपा म्हणा. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि चौकशी लागली.

चौकशीचे साहेब आले तेव्हा मी सवयीनं हेडसरांच्या टेबलाकडे बघितलं. काच पुसलेली होती. खालचा कागद नव्हता. तिथं कॅलेंडराचं एक पान सरकवलेलं होतं. साहेबांनी भिंतीवरचं वेळापत्रक वहीत उतरवून घेतलं. मग चष्म्यावरून बाईंकडे बघितलं.

"आठवड्याला पंधरा तासिका भाषेला. पंधरा. एवढा वेळ मिळूनही तुमच्या वर्गाला एक साधी सूचना समजत नाही?"

"नऊ होत्या साहेब," बाई म्हणाल्या.

"लेखी आहे काही?"

बाईंनी काचेकडे बघितलं. मग माझ्याकडे. रागानं नाही. वर्गात "काय समजलं?" विचारल्यावर ज्या नजरेनं वाट बघायच्या, त्या नजरेनं. हेडसरही माझ्याकडे बघत होते, त्यांची सहा महिन्यांवर आलेली निवृत्ती डोळ्यांत घेऊन.

"हे वेळापत्रक कुणाच्या अक्षरातलं?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या, सर."

"शाळा यावरच चालते ना?"

बाई वाट बघत होत्या. घाई त्यांना कधीच नव्हती.

"हो सर," मी म्हणालो.

साहेबांनी वहीत लिहिलं. बाईंनी पदर सारखा केला आणि त्या वर्गात निघून गेल्या.

ठपका बाईंवर आला: वर्गशिक्षिकेनं भाषेच्या अध्यापनात हलगर्जीपणा केला. त्यांची बदली दूर, किनवटच्या पलीकडच्या एका वाडीवर झाली. त्यांनी वरती अर्ज केला नाही. मी एकदा चाचरत म्हणालो की अर्ज करा, मी मसुदा लिहून देतो. "तुमच्या अक्षरात?" एवढंच त्या म्हणाल्या. टोमणा असावा, पण आवाजात टोमणा नव्हता. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

शेवटच्या दिवशी त्या रस्त्यावर काळीपिवळीची वाट बघत उभ्या होत्या. गंगामणी पिशवी धरून सोबत होती, बाजूला रेणुका, वाळलेली, आईच्या ओढणीत गुंडाळलेली. आत शाळेत मॉनिटरनं फळ्यावरचं काहीतरी म्हणायला सुरुवात केली आणि वर्ग सुरात सामील झाला. बाईंचा हात रेणुकाच्या खांद्यावर घट्ट आवळलेला मी पाहिला. गाडी आली. चढताना त्यांनी डबा उघडला, घड्याळ काढून मनगटावर चढवलं, आणि एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. मग तोंडावर बोट ठेवलं. गाडी वळणापलीकडे गेली तरी मी ती उघडली नव्हती.

"सर, भिंतीवर खरे वेळापत्रक लिहा." आणि खाली, "वाचलंत ना? मग करा."

त्याला आता तीन वर्षं झाली. हेडसर निवृत्त झाले आणि शाळा माझ्याकडे आली. आता टेबल माझं आहे, काचही माझीच. तिच्याखालचा कागद मीच आखतो. गेल्या वर्षी भाषेच्या सात होत्या, यंदा सहा. गावाची मागणी आहे, शेजारच्या गावांतही तेच चाललंय, मी एकटा काय करणार. पोरं फार सुंदर वाचतात. परवा तर बाहेर एक गाडी थांबून लोक मोबाईलवर चित्रण करत होते. मी हात मागे बांधून उभा होतो आणि माझं लक्ष नळाकडे होतं.

चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. मी ती पुष्कळदा वाचतो. एकदा तर मोठ्यानं वाचली, आणि माझा सूर मलाच ऐकू आला, एकही अडखळ नाही. दर जूनमध्ये भिंतीवरचा रंग उडतो. मग मी स्टुलावर चढतो, ब्रश पांढऱ्या रंगात बुडवतो आणि निळ्या चौकटीत सावकाश, वळणदार अक्षरात लिहितो: भाषा, तासिका पंधरा.